परतीचे दोन बार

‘‘काय कान आहे हो तुमचा!’’ असं कुणी म्हटलं की केतकी सावे हल्ली मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, विनय. वसईत विनयाला अजून किंमत आहे. त्यामुळे तिचं कौतुक दुप्पट व्हायचं आणि तिची मान आणखी खाली जायची. खरं कारण तिच्या डाव्या कानात बसलेलं होतं, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं. ते झाकण्यासाठी जन्मभर घट्ट अंबाडा बांधणाऱ्या या बाईने चाळिशी उलटल्यावर केस मोकळे सोडायला सुरुवात केली होती.

तशी कान ही तिची रोजीरोटीच. पारनाक्याजवळ तिचं श्रवणकेंद्र होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचे कान तपासायचे, त्यांना यंत्रं बसवायची आणि ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे ती जुळवून द्यायची, हे तिचं काम. कामात ती चोख होती. निदान पास्कल डाबरे तिच्याकडे येईपर्यंत तरी होती.

पास्कलकाका आले ते बायकोला सोबत घेऊन, किंवा खरं सांगायचं तर बायकोने त्यांना धरून आणलं. उंच, किडकिडीत म्हातारा. बोटांची टोकं मात्र लाकडासारखी टणक. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत डबल बेस वाजवला होता. माणसाच्या उंचीचं ते चार तारांचं वाद्य, त्यावर जॅझ. आता वसईजवळ निर्मळला वाडीतल्या घरी वाजवायचे, आणि महिन्यातून एकदा गावच्या हॉलमध्ये.

‘‘मला माझा बेस ऐकू येतो, आमच्या ऑस्टिनचा ड्रम ऐकू येतो, पण बायको ऐकू येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ही तक्रार नाही हां. नुसती माहिती.’’

‘‘मला तर वाटतं बाय, यात कानाचा काही दोषच नसेल,’’ कातरीनकाकी म्हणाल्या.

केतकीने त्यांना ‘चाहूल’ सुचवलं. त्या वर्षी ते नुकतंच बाजारात आलं होतं.

आपण समजतो, आधी आवाज येतो आणि मग तो आपल्याला ऐकू येतो. तसं नसतं. मेंदू कधीच हातावर हात ठेवून वाट बघत नाही. पुढे काय ऐकू येणार याचा तो सारखा अंदाज बांधत असतो. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते दार उघडायच्या आधी कळतं, ते यामुळेच. अंदाज बरोबर निघाला तर मेंदू गप्प राहतो. चुकला तर विजेची एक बारीकशी लाट उठते. डोक्याला तारा लावून ही लाट मोजण्याची विद्या जुनी आहे. नवं ते एवढंच, की कानाच्या पोकळीत मावणाऱ्या यंत्राला आता लाटही वाचता येऊ लागली आणि लाटेआधीचा अंदाजही. माणसाला काय ऐकायचं आहे ते ‘चाहूल’ ओळखतं आणि गोंगाटातून नेमका तेवढाच आवाज उचलून स्वच्छ करून देतं. लग्नाच्या मांडवात नातीची कुजबुज ऐकू आली म्हणून म्हातारी माणसं केतकीच्या केंद्रात येऊन रडली होती.

पण माणसाचा अंदाज ही त्याची फार खासगी वस्तू. म्हणून कायदाच असा होता की यंत्राने तो साठवायचा नाही, कुठे पाठवायचा नाही, वापरला की पुसून टाकायचा. अपवाद एकच, ‘जोडकान’. यंत्र जुळवताना तंत्रज्ञाने आपल्या कानात घालायचा तुकडा. त्यात समोरच्याला काय ऐकू येण्याची अपेक्षा आहे ते तंत्रज्ञाला ऐकू येतं. तोही फक्त जुळवणीपुरता, समोरच्याला सांगून घालायचा, आणि काम संपलं की काढून डबीत ठेवायचा.

पास्कलकाकांचं यंत्र जुळवायला बेस हवा होता. तो काही रिक्षात मावेना, म्हणून केतकीच निर्मळला गेली. काकांच्या कानात ‘चाहूल’, तिच्या कानात जोडकान. काकांनी बेस अंगाला टेकवून घेतला आणि वाजवायला लागले.

केतकी दचकली. जोडकानात सूर आधी यायचा आणि बेसमधून नंतर. फरक पापणी लवण्याएवढाही नव्हता, पण होता. लगेच तिच्या लक्षात आलं. ऐकणाऱ्याचा असतो तो अंदाज. वाजवणाऱ्याचा बेतच असतो. म्हाताऱ्याच्या मनात पुढचा सूर उमटत होता तो तिला ऐकू येत होता.

‘‘तू वाजवतेस काहीतरी,’’ काका मध्येच थांबून म्हणाले. ‘‘बोटं हलतायत तुझी.’’

‘‘पेटी. वडील भजनात वाजवायचे, त्यांच्याकडून शिकले. आता नाही वाजवत.’’

कोपऱ्यात पियानो होता. खाऱ्या हवेने त्याच्या काही पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नसत. ‘‘आमचा पियानोवाला कॅनडाला मुलाकडे गेला,’’ काका म्हणाले. ‘‘बस. शिकवतो.’’

जोडकान काढून डबीत ठेवूनच ती पियानोवर बसली. हे इथे सांगायला हवं, कारण पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही नाही.

घरोघरी पियानो शिकवणारे प्रोग्राम होते. चुकलं की पट्टीच लाल व्हायची, महिनाभरात माणूस एखादं गाणं बिनचूक वाजवायचा. पास्कलकाकांची तऱ्हा निराळी होती. चार-चार सूर एकदम दाबले की होते ती कॉर्ड, आणि कॉर्ड म्हणजे त्यांच्या लेखी गावातली जागा. पांढरी एकवरची, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवरची कॉर्ड म्हणजे घर. पांढरी सहा म्हणजे विहीर. पांढरी दोन म्हणजे नाका. पांढरी पाच म्हणजे घराचं फाटक.

‘‘गाणं संपत आलं की शेवटचे दोन बार उरतात...’’

‘‘बार?’’

‘‘पिण्याचे नाहीत गो! चार मात्रांचा एक बार. तर शेवटच्या दोन बारांत गाणं घरी पोचलेलं असतं. पण आपल्याला ते पुन्हा पहिल्यापासून वाजवायचंय. मग काय करायचं? घराच्या उंबऱ्याला पाय लावायचा आणि निघायचं. विहीर, नाका, फाटक आणि परत घर. याला म्हणतात टर्नअराउंड. परतीचा फेरा.’’

हे समजायला सोपं होतं. पण केतकीचा हात पेटीवर वाढलेला. भजनात फिरून फिरून समेवर यायचं, षड्ज गाठायचा, आणि गाठला की हात उचलायचा. सगळे माना डोलावतात. ती फाटकातून घरी आली की पांढरी एकवर जोरात उतरायची आणि हात उचलून प्रसन्न चेहऱ्याने काकांकडे बघायची.

‘‘चप्पल काढून बसलीस!’’ काका ओरडायचे. ‘‘उठ, उठ! गाणं पुढे गेलं!’’

ते जमल्यावर खरी पंचाईत पुढे आली. काका दर फेऱ्याला रस्ता बदलायचे. कधी विहीर टाळून सरळ नाक्यावर, कधी फाटक सोडून बाजूच्या दगडी गडग्यावरून उडी. म्हणजे पांढरी पाचऐवजी काळी एक, आणि तिथून अर्ध्या सुराने खाली, घरात. कुठून जाणार ते आधी सांगायचे नाहीत.

‘‘सांगितलं तर मजा काय? ऐक ना. माझ्या पहिल्या पावलावरून कळतं मी कुठे निघालो ते.’’

केतकीला कळायचं नाही. म्हातारा गडग्यावर असला की ही फाटकात, तो नाक्यावर तर ही विहिरीत. दोन्ही सूर एकमेकांवर आपटले की कातरीनकाकी आतून विचारायच्या, ‘‘चुकली का रे?’’ आणि काका ओरडून सांगायचे, ‘‘चुकली!’’

असे कितीतरी महिने गेले. केतकीला नवरा होता, त्याला त्याचं काम होतं; मुलगी शिकायला दूर गेली होती. घरी तिची वाट बघणारं असं कुणी नव्हतं. निर्मळच्या त्या खोलीत मात्र एक माणूस ती येणार म्हणून पियानोवरची धूळ पुसून ठेवायचा. त्या माणसापुढे आपण सारखं चुकतो याचं तिला फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी यंत्राची किरकोळ जुळवणी करून ती तशीच पियानोवर बसली. जोडकान काढायचं राहून गेलं. खरोखरच राहून गेलं. पहिला फेरा आला आणि बेसच्या आधी, कानाच्या अगदी आत, कुणीतरी हळूच काळी एक म्हटलं. तिचा हात आपोआप गेला. दोघं एकदम गडग्यावरून उडी मारून घरात उतरले. पुढचा फेरा विहिरीवरून, ती विहिरीवर. त्याच्या पुढचा सरळ नाका, ती नाक्यावर.

काकांनी बेस थांबवला. डोळे पुसायला त्यांनी खिशात रुमाल शोधला, तो सापडेपर्यंत शर्टाची बाहीच वापरली.

‘‘आज ऐकलंस तू,’’ ते म्हणाले. ‘‘किती वर्षांनी माझं कुणी ऐकलं.’’

सांगायचं ते तेव्हाच. ‘अय्या काका, जोडकान राहिलं की!’ एवढं एक हसण्यावारी नेण्याजोगं वाक्य होतं. केतकीच्या ओठांवर ते आलंही. पण आतून काकी पदराला हात पुसत आल्या, काका त्यांना सांगू लागले, ‘‘ऐकलंस का, ऐकलंस का,’’ आणि ते वाक्य केतकीने गिळलं. घरी जाताना तिला स्वतःची इतकी शरम वाटली की रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या बाईला तिने ओळख दिली नाही.

पुढच्या वेळी तिने जोडकान मुद्दाम घातलं. केस मोकळे सोडून गेली.

‘‘काय गो, पियानो शिकल्यावर नटायला लागलीस!’’ काकी म्हणाल्या. केतकी हसली. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

यानंतर सगळं भराभर झालं. काकांनी तिला हॉलमध्ये आपल्या जोडीला बसवलं. ऑस्टिन, त्यांच्या भावकीतला ड्रम वाजवणारा, भुवया उंचावून बघत राहिला. लोक म्हणू लागले, दोघांचं एकच डोकं आहे जणू. केतकीला हसावं की रडावं कळायचं नाही. ती खरोखरच शिकली असती तर कदाचित एव्हाना थोडंफार जमलंही असतं. पण उत्तर कानात येत असताना प्रश्न ऐकायचे कष्ट कोण घेतं? तिचे स्वतःचे कान दिवसेंदिवस आळशी होत गेले. एकटीने वाजवायला बसली की फेऱ्याशी येऊन हात नुसते लोंबकळायचे.

आणि तरीही तिला ते सोडवत नव्हतं. काकांच्या डोक्यात सूर कसा उगवतो ते ऐकण्याची तिला चटक लागली होती. नवऱ्याच्या मनात काय आहे ते तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि इथे एका परक्या म्हाताऱ्याच्या मनात ती रोज जाऊन बसत होती. त्याला न विचारता.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला. मुंबईहून काकांचे जुने सोबती येणार होते. तालमी सुरू झाल्या. आणि एका तालमीत केतकीला जोडकानात काहीतरी खटकलं.

फाटकाची चाहूल उशिरा आली. सूर बेसमधून आला आणि मनातला त्याच्या मागून, धापा टाकत. तिला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी यंत्र तपासलं, ठणठणीत. मग दोन आठवड्यांनी एकदा असं झालं की नाका आला, फाटक आलं, घर आलं, पण जोडकानात काहीच नाही. बोटं सवयीने वाजवत होती. मनात मात्र त्या क्षणी कुणी नव्हतं.

केतकीला याचा अर्थ माहीत होता. ‘चाहूल’ विकायला घेतलं तेव्हाच कंपनीने शिकवलं होतं, चाहूल अशी मध्येच तुटायला लागली तर मेंदूच्या त्या कोपऱ्यात रक्त नीट पोचत नसेल, माणसाला ताबडतोब मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवा. वेळेवर पाठवलं तर साध्या गोळ्यांवर भागतं. प्रशिक्षणात तिने हा प्रश्न बरोबर सोडवला होता.

पण काकांना सांगायचं कसं? ‘‘तुम्हाला झटका येण्याची भीती आहे,’’ म्हटलं की ते विचारणार, तुला कसं कळलं? यंत्र तर काही साठवत नाही. ते ऐकू येतं फक्त जोडकानात, आणि जोडकान तर डबीत असायला हवं. एकदा तोंड उघडलं की ‘आज ऐकलंस’पासूनचं सगळं खोटं ठरणार होतं.

म्हणून ती आडवळणाने गेली. ‘‘काका, एकदा तपासून घ्या ना. या वयात आपलं... बीपी वगैरे.’’

‘‘तू बाजूला असलीस की माझं बीपी चांगलंच असतं,’’ ते म्हणाले. ‘‘कार्यक्रम होऊ दे, मग ने हवं तिथे.’’

‘‘आत्ताच गेलं तर...’’

‘‘आता डॉक्टर म्हणेल, झोपून राहा. मग वाजवणार कोण, तू?’’

ती गप्प बसली. केवळ भीतीने बसली असती तर एक वेळ तिने स्वतःला माफ केलं असतं. पण त्या गप्प बसण्यात सुटकेचा एक निःश्वासही होता. तिलाही तो कार्यक्रम हवा होता. मुंबईच्या त्या लोकांसमोर काकांच्या शेजारी बसून गडग्यावरून उडी मारायची होती. कार्यक्रमानंतर नेऊ, तिने मनाशी म्हटलं, चारच दिवसांचा तर प्रश्न आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम होती. त्या तालमीत चाहूल जवळजवळ आलीच नाही. अधूनमधून एखादा सूर, बाकी सगळं सुनसान. काका मात्र गालात हसत वाजवत होते. तालीम संपल्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं दोन-तीनदा झटकली आणि म्हणाले, ‘‘मुंग्या आल्या. म्हातारपण!’’ केतकीने ते पाहिलं, ऐकलं आणि साडी बदलायला गेली.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत मुंबईचे पाहुणे, त्यांच्या शेजारी नव्या लुगड्यातल्या कातरीनकाकी. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्या गाण्याला काकांनी सूर धरला, गाणं आपल्या वाटेने गेलं, परतीचे दोन बार आले. घर, विहीर, नाका, फाटक. मग घर यायला हवं होतं आणि तिथून गाणं पुन्हा पहिल्यापासून.

घर आलं नाही. काका फाटकापासून पुन्हा विहिरीकडे वळले. विहीर, नाका, फाटक. पुन्हा विहीर. ऑस्टिनला वाटलं, काकांनी काहीतरी नवीन काढलंय. त्याने ड्रम चढवला. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. पाहुण्यांपैकी एकाने गुडघ्यावर थाप मारली. विहीर, नाका, फाटक. लोक टाळ्या वाजवू लागले.

केतकीच्या कानात शुकशुकाट होता. तिने मान वळवून पाहिलं. काकांचं तोंड एका बाजूला किंचित उतरलं होतं आणि डोळे तिच्यावर खिळले होते. म्हातारा आपल्याच घराभोवती फिरत होता आणि त्याला दार सापडत नव्हतं.

कानात सांगणारं कुणी नव्हतं. केतकीने पहिल्या दिवशीची चूक केली. दोन्ही हातांनी पांढरी एकवर जेवढ्या जोरात उतरता येईल तेवढ्या जोरात उतरली, आणि हात उचलले. सम. चप्पल काढून बसायची ती सम. ड्रम थबकला, टाळ्या विरल्या. बेसवरचा हात गळून खाली आला. ती उठून धावली, आणि काका कोसळायच्या आत तिने आणि ऑस्टिनने त्यांना धरलं.

रुग्णवाहिका लवकर आली. आता त्यांच्यात डोक्याचा फोटो काढायची सोय असते. तरुण डॉक्टरणीने काकांना आत घेतलं आणि दारातूनच विचारलं, ‘‘कधी सुरू झालं हे? नेमकं सांगा. आत्ता सुरू झालं असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं औषध इथेच देते. पण आधीपासून असेल तर त्याच औषधाने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. फोटोत अजून नीट कळत नाहीये.’’

‘‘आत्ताच,’’ काकी म्हणाल्या. ‘‘आत्ता, स्टेजवर. सकाळपासून तर चांगला होता तो. जेवला, हसला, सगळं केलं.’’

डॉक्टरणीने सुई उचलली.

‘‘नाही,’’ केतकी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. काकी, ऑस्टिन, मुंबईचे पाहुणे, दारात जमलेले गावकरी.

‘‘दुपारपासून आहे. तालमीत बोटांना मुंग्या आल्या होत्या. आणि आत, डोक्यात... दुपारी जवळजवळ सगळं बंद पडलं होतं. मधूनमधून तुटत होतं ते तर तीन आठवड्यांपासून.’’

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

केतकीने केस मागे घेतले, कानातून जोडकान काढलं आणि हातावर धरलं. ‘‘मी ऐकत होते. त्यांच्या कानातून. त्यांना न सांगता.’’

डॉक्टरणीला पुढचं ऐकायला वेळ नव्हता. सुई खाली ठेवून तिने चालकाला मोठ्या रुग्णालयाचं नाव सांगितलं, तिथे रक्तवाहिनीत तार घालून गाठ ओढून काढतात, आणि दार लावून घेतलं. बंद होणाऱ्या दारातून आत बसलेल्या कातरीनकाकी केतकीच्या तळहाताकडे बघत होत्या. रागाने नाही. समजत नसल्यासारख्या. केतकीला वाटलं, याच्याऐवजी त्यांनी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

गाठ निघाली. पास्कलकाका वाचले. उजवा हात अर्धा राहिला, शब्द अडखळू लागले. केतकीने कंपनीला स्वतःच कळवलं. तिचा परवाना काढून घेतला गेला, केंद्राला कुलूप लागलं. गावात दोन तट पडले. एक म्हणे, तिने वाचवलं. दुसरा म्हणे, तिनेच हात घालवला. पहिल्या तटातलं कुणी भेटलं की केतकीला जास्त त्रास व्हायचा.

ती निर्मळला गेली ती खूप दिवसांनी, केस घट्ट बांधून. काकींनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत.

‘‘इतकी वर्षं संसार केला मी याच्याबरोबर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाटायचं, काय चाललंय रे तुझ्या डोक्यात? विचारायची. सांगितलं तर सांगितलं, नाही तर नाही. मी कधी आत शिरले नाही. तू खुशाल जाऊन बसलीस. आणि बसलीस ती बसलीस, आत आग लागलेली बघूनसुद्धा बोलली नाहीस?’’

माफी मागण्याचं वाक्य ती वाटभर घोकत आली होती, ते तिला इतकं फुकाचं वाटलं की तिने ते उच्चारलंच नाही. ‘‘नाही बोलले,’’ ती म्हणाली. ‘‘मला तिथे वाजवायचं होतं.’’

काकी आत निघून गेल्या. दार उघडंच राहिलं.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या कानात ‘चाहूल’ नव्हतं. बेस भिंतीला टेकवून ठेवलेला.

‘‘त्या दिवशी,’’ ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. ‘‘मी रडलो. आज ऐकलंस... म्हणालो. ते?’’

‘‘ते जोडकान होतं, काका. चुकून राहिलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं.’’

‘‘आणि... नंतर?’’

‘‘नंतर मुद्दाम.’’

म्हाताऱ्याने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. केळीची पानं हलत होती, तिकडे तो बघत राहिला. आजाराबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही. केतकी उभीच होती. बस असं कुणी म्हटलं नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते तिला त्या खोलीत कळलं.

‘‘मला वाटलं,’’ काका बाहेर बघतच म्हणाले, ‘‘कुणीतरी... ऐकतंय.’’

‘‘हो.’’

‘‘कुणीच... नव्हतं.’’

‘‘नव्हतं,’’ केतकी म्हणाली. रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून तिने रडू आवरलं.

काकांनी डाव्या हाताने बेसकडे बोट केलं. तिने तो आणून त्यांच्या खांद्याला टेकवला. मग त्यांनी पियानोकडे मान हलवली. पियानोवर धूळ होती. केतकीने पदराने ती पुसली आणि स्टुलावर बसली, दोन्ही कान उघडे.

काकांनी उजव्या हाताचं अर्धमेलं बोट तारेवर ठेवून ओढलं. सूर उमटला तो घोगरा, तारेच्या खरखरीत बुडालेला. घर. मग बोट पुन्हा उचलायला त्यांना वेळ लागला. त्या वेळात केतकी ऐकत राहिली. पुढे विहीर असेल का? की सरळ नाका? घराच्या सुरातच काहीतरी कलंडलेलं होतं, एका बाजूला झुकलेलं, पण कुठल्या बाजूला ते तिला कळेना. तिने डोळे मिटले. कानात फक्त खोली होती, वाडीतल्या पंपाची घरघर आणि म्हाताऱ्याचा श्वास. तिने विहीर धरली.

बेसमधून नाका आला. दोन्ही सूर एकमेकांवर आपटले.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. मग काकींचा आवाज आला, कोरडा, पण आला.

‘‘चुकली का रे?’’

‘‘चुकली,’’ पास्कलकाका म्हणाले आणि बोट उचलून त्यांनी पुन्हा घरावर ठेवलं.